लंगडीचा रोट

“एक,” आत्तोबा म्हणाला. मग “दोन.” आणि हात वर करून त्यानं आम्हाला थांबवलं.

आम्ही पडक्या गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून, डोकी गुडघ्यांत खुपसून बसलो होतो. खाली नदीवरच्या मोडक्या पुलापाशी दोन गोळे पडले होते, त्यांनी उडवलेला चिखल अजून पाण्यात पडत होता. आमचा स्वयंपाकी उठायला लागला, तसा आत्तोबानं त्याला खांद्याला धरून खाली दाबलं. माणसाला एक दम घ्यायला लागतो तेवढा वेळ गेला.

“आता तिसरा,” तो म्हणाला. आणि तिसरा आला.

“आयला! म्हाताऱ्या, तुला काय सपान पडतंय का रं?” मी विचारलं.

एरवी गोळे पडायला लागले की हा सैतानाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आज नुसता डोंगराकडं बघत उभा. तोंड पार पांढरं पडलेलं. म्हणाला, “ती लंगडी आहे. माझी लंगडी.”

मला वाटलं, गेला हा कामातनं. पलटणीत अशी माणसं जायची. चांगला चालताबोलता गडी, गोळ्यांच्या आवाजानं एक दिवस आपल्याआपण हसायला लागायचा, मग त्याला मागं धाडायला लागायचं. मी त्याला पाणी दिलं आणि खाली बसवला.

आता आधी आत्तोबा कोण ते सांगतो, नाहीतर तुमचं घोडं इथंच अडेल. मी बयाजी शेडगे, जावळी खोऱ्यातला. तेव्हा मराठा पलटणीत नाईक होतो. जर्मनाशी लढाई इटलीच्या डोंगरात अडकून पडली होती, थंडी अशी की मिशा कडक व्हायच्या, आणि वरच्या मोर्च्यांवर रसद पोचवायचं काम माझ्याकडं होतं. रसद जायची खेचरांवरनं. खेचरं इटलीची आणि ती हाकणारी माणसंही इटलीची. त्यांच्या राजानं आदल्या वर्षी शरणागती पत्करली, आणि आफ्रिकेत आमच्यावर गोळ्या झाडणारे आता आमचा आटा-डाळ वाहायला लागले. काल वैरी, आज वाटाड्या. लढाईत सोयरीक फिरायला वेळ लागत नाही.

त्यांतला हा ओत्ताव्यो. असलं नाव आमच्या पोरांच्या जिभेवर कसं बसायचं? दुसऱ्या दिवशी त्याचा आत्तोबा झाला. गडी पन्नाशी उलटलेला, खांदे बैलासारखे, आमच्या हातची चपाती आणि लाल मिरची खाऊन डोळ्यांतनं पाणी काढणारा आणि परत मागणारा. त्याची अर्धी बोली, माझी अर्धी, अशी आमची एक तिसरीच भाषा झाली होती. ती मी इथं आपल्या बोलीत सांगतो.

हा मुळातला खेचरवाला नव्हे. तोफखान्याचा माणूस. त्यांच्या एका जुन्या मैदानी तोफखान्याच्या रेजिमेंटमध्ये तो हवालदाराच्या तोलाचा होता, एका तोफेचा प्रमुख. चहाचा मग हातात आला की रेजिमेंटचं पुराण सुरू. गोंधळ्याला जशा कुळी पाठ असतात, तशी त्याला ती पाठ. रेजिमेंट उभी राहिली तेव्हा त्याचा आजा घोडी हाकायला होता. मागच्या मोठ्या लढाईत बाप होता. त्या लढाईत एकदा सगळी फौज उधळली, रेजिमेंटच्या तोफा डोंगरात राहिल्या आणि माणसं रडत मागं आली. पुढं लढाई जिंकली तेव्हा शत्रूच्याच तोफा त्यांना मिळाल्या. त्यांतली एक ही लंगडी. जन्मली एका राजाकडं, नांदली दुसऱ्याकडं.

“तोफ सोडली त्यानं बाप सोडला,” असं त्यांच्यात म्हणायचे. हे वाक्य सांगताना आत्तोबा नेहमी मगात बघायचा. का ते मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी मात्र माझं चित्त पुराणात नव्हतं. आदल्या पहाटे आमची एक तुकडी पूल ओलांडून पलीकडं गेली आणि मार खाऊन परत आली. ज्यांना चालता येत होतं ते आले. ज्यांना येत नव्हतं ते पलीकडच्या काठावर पाणचक्कीत पडून राहिले. त्यांत माझा चुलतभाऊ होता, कोंडिबा. मांडीत गोळ्याचा तुकडा घुसलेला.

भरतीला निघालो तेव्हा चुलतीनं सडकेच्या फाट्यापर्यंत येऊन त्याचा हात माझ्या हातात दिला होता. “बया, ह्याला तुज्या पदरात टाकलाय. जसा न्हेतूस तसा आण.” बाई रडली नाही. नुसती तेवढं बोलून माघारी वळली, आणि मी हो म्हणून बसलो. अठरापगड देशांची लढाई, तीत मी कोण कुणाला जसाच्या तसा आणणार! पण हो म्हटलं होतं.

कोंडिबाचा आवाज म्हणजे गावात नाव घेण्यासारखा. या डोंगरावरनं हाळी दिली तर त्या डोंगरावरच्या म्हशी माना वर करायच्या. आदल्या दिवशी दुपारी त्यानं पाणचक्कीतनं हाळी दिली, “बयादादाऽऽ!” आणि नदीच्या खळाळावरनं ती सरळ माझ्या छातीत आली. संध्याकाळी परत दिली. आज सकाळी दिली तेव्हा ती नदीच्या मध्यावरच विरली.

काय करणार? डोळ्यांपुढं पाणचक्की, आणि मधे तो पूल. पुलाची मधली कमान पडलेली, तिच्यावर एक फळी टाकलेली. रात्री अंधारात त्या फळीवरनं जखमी आणणं म्हणजे नदीलाच वाहणं. दिवसा जावं तर ही तोफ. लाल क्रॉसचं निशाण घेऊन आमचे दोन स्ट्रेचरवाले गेले होते, तेही पुलावरच मेले. वर डोंगरावर बसलेल्याला निशाण दिसतच नव्हतं. नदीवर सदा धुकं, आणि तो आकडे लावून पुलावर मारत होता, मनाला येईल तेव्हा.

“काय ओरडतो तो?” आत्तोबानं विचारलं.

“मला हाक मारतोय. थोरल्या भावाला.”

म्हातारा माझी बाही धरून मला खेचरांच्या पलीकडं घेऊन गेला.

“नीट ऐक,” म्हणाला. “वर मारते आहे ती आमच्या रेजिमेंटची तोफ. दोन गोळे झाले की ती एका कुशीवर बसते, म्हणून लंगडी. मग तिला सरळ करून परत नेम धरावा लागतो. दोन, मग दम, मग एक. हे मी शिकवलं. जर्मन माणूस एवढा दम धरणार नाही, तो तिसराही तसाच मारेल आणि वाया घालवेल. असा दम धरणारा एकच गोलंदाज आहे.”

“कोण?”

“नेल्लो. माझा मुलगा.”

अरे देवा, हे काय नवीनच!

मग त्यानं सांगितलं. राजानं शरणागती पत्करल्याची खबर रेडिओवर आली, त्या दिवशी हे बापलेक एकाच बराकीत होते. संध्याकाळपर्यंत जर्मन दारात. त्यांनी सांगितलं, आमच्याकडून लढायचं असेल तर तोफेशी राहा, नाहीतर आगगाडीत बसा आणि जर्मनीला कैदेत चला. आत्तोबानं मागच्या भिंतीवरनं उडी टाकायची ठरवली. पोराला म्हणाला, चल घरी, लढाई संपली. पोरगं तोफेच्या चाकाला हात लावून उभं राहिलं. म्हणालं, “तोफ सोडली त्यानं बाप सोडला, हे तुम्हीच शिकवलंत ना? मी तोफ सोडत नाही. तुम्ही बाप सोडा.”

“बाप सोडून मी पळालो,” आत्तोबा म्हणाला. “गावच्या पाद्र्याकडून निरोप आला होता की पोरगा या डोंगरांत कुठंतरी आहे. आज कळलं कुठं.”

मला त्याच्या पोराचं काय पडलं होतं? खोटं कशाला बोलू. त्या पोराच्या गोळ्यांनी माझे स्ट्रेचरवाले मारले होते. मी म्हणालो, “मग काय करू? आरती ओवाळू तुज्या पोराची?”

त्यानं माझं बोलणं मनावर घेतलं नाही. “उद्या कोणता दिवस आहे ठाऊक आहे?” त्यानं विचारलं. “तुमच्या त्या भोपळ्याच्या दिवसासारखा आमचा दिवस.”

भोपळ्याचा दिवस म्हणजे आमची खंडेनवमी. आश्विनात आम्ही घोंगडी अंथरून तिच्यावर रायफली आणि मॉर्टर मांडली होती, झेंडू नाही म्हणून रानातली पिवळी फुलं वाहिली होती, आणि बोकडाच्या जागी एक तांबडा भोपळा कापला होता. त्या दिवशी हत्याराला इसावा. कुणी हात लावायचा नाही. आत्तोबा टोपी काढून लांब उभा राहिला होता आणि प्रसादाचा गूळ त्यानं दोन वेळा घेतला होता.

“उद्या सांता बार्बारा,” तो म्हणाला. “तोफखान्याची देवी. सगळेच तिला मानतात, जर्मनही. पण आमच्या रेजिमेंटची रीत वेगळी. सकाळी देवळाची घंटा होते. तोफ खड्ड्यातून बाहेर ओढतात, उघड्यावर. चाकं धुतात, नळीला तेल लावतात, हिरव्या डहाळ्या बांधतात. मग तोफेचा प्रमुख मागचं झाकण उघडतो आणि जिथं गोळा घालायचा तिथं एक रोट ठेवतो. झाकण बंद. बाराची घंटा होईपर्यंत ते उघडायचं नाही. बाराला रोट काढायचा, मोडायचा, सगळ्यांनी खायचा. मागच्या लढाईत समोरून गोळे येत होते, माणसं पडत होती, तरी माझ्या बापानं झाकण उघडलं नव्हतं.”

“म्हंजे उद्या सकाळधरनं बारापर्यंत...”

“लंगडी मुकी. तुझा भाऊ घेऊन ये.”

मी त्याला तसाच ओढत सुभेदार जाचकांकडं नेला. जाचक इंदापूरकडचे, खंडोबाचे कडक भक्त. गळ्यातल्या पिशवीत भंडाऱ्याची पुडी आणि सुकलेलं बेलाचं पान कायम. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवरनं हात फिरवला आणि विचारलं, “जर्मन सायेब गप बसू देईल ह्यांना?”

“बसू देईल की न देईल. नेल्लो झाकण उघडणार नाही.”

“आणि तू ह्ये आमाला का सांगतोयस? पोरगा तुजा तिकडं हाय.”

आत्तोबा म्हणाला, “पाणचक्कीतल्या पोराचा आवाज सकाळपेक्षा आता लहान झाला आहे.”

जाचकांनी खाली बघितलं. आत्तोबा पुढं म्हणाला, “पण एक मागणं आहे. तोफ उघड्यावर येईल. पोरं तिच्याभोवती टोप्या काढून उभी राहतील. बारापर्यंत तुमच्याकडूनही तिच्यावर काही सुटायचं नाही. शब्द द्या.”

सुभेदारांनी पिशवी सोडली. बेलाचं पान तळहातावर ठेवलं, त्यावर चिमूटभर भंडारा, आणि हात कपाळाला लावला. “येळकोट येळकोट जय मल्हार. बारापत्तूर आमच्या बाजूनं तुझ्या पोरावर गोळा सुटायचा न्हाई.” बेलभंडारा उचलला म्हणजे काय, हे आत्तोबाला मी समजावून सांगितलं. त्यानं त्या पिवळ्या चिमटीकडं बघून छातीवर क्रूस काढला. जाचक मग हॉलिस साहेबाकडं गेले, आमच्या कंपनीच्या मेजरकडं. परत येऊन म्हणाले, “सायेब म्हनला, ठीक हाय.”

सकाळी धुकं असं की दहा पावलांपलीकडचं दिसू नये. आम्ही पुलाच्या अलीकडं दबा धरून बसलो होतो. मी, चार गडी, आणि न बोलावता आलेला आत्तोबा. वर डोंगरात कुठंतरी घंटा वाजायला लागली. बारीक आवाज, गुराच्या गळ्यातल्यासारखा. आत्तोबा डोळे मिटून ऐकत राहिला. घंटा थांबल्यावरही तो थांबला. बहुधा मनात चाकं धुत असावा, डहाळ्या बांधत असावा. मग म्हणाला, “ठेवला. चला.”

एका म्हाताऱ्याच्या शब्दावर, एका रोटाच्या भरवशावर, आम्ही त्या पुलावर चढलो. फळीखाली नदी भेसूर वाहत होती. गोळा आला नाही.

पाणचक्कीत चौघं होते, त्यांतला एक रात्रीच थंड झाला होता. कोंडिबा जात्याच्या दगडाला टेकून पडला होता. ओठ काळे, डोळे खोल. मला बघून म्हणाला, “आलास व्हय? मला वाटलं, हाळी पोचंना.” मी त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली.

फळीवरनं स्ट्रेचर जात नव्हतं. एकेकाला पाठंगुळीला घेऊन आणायचं. कोंडिबा सहा फुटी गडी. मी त्याला उचलायला वाकलो तर आत्तोबानं मला बाजूला सारलं. “खेचरं मी वागवतो, तू नाही,” म्हणाला आणि त्याला पाठीवर घेतला. मी पुढं तोंड करून, मागं हात धरून, पावलापावलानं त्यांना फळीवरनं आणलं. मधेच कोंडिबा तापाच्या भरात पुटपुटला, “कोन हाय रं ह्यो?”

“आपलाच हाय,” मी म्हणालो.

सगळे अलीकडं आले. गेलेलाही आणला. डॉक्टरनं कोंडिबाचा पाय बघून तोंड वाकडं केलं, पण म्हणाला, जगेल. आत्तोबाच्या पाठीवर माझ्या भावाचं रक्त होतं, आणि तो खेचराच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधत काहीतरी गुणगुणत होता. इतक्या महिन्यांत त्याला असा मी कधी बघितला नव्हता. मला म्हणाला, “बघितलंस? झाकण उघडलं नाही. माझं पोरगं!”

आणि मग धुकं उठलं.

महिना महिना न उठणारं धुकं, त्या दिवशी कुणीतरी चादर ओढावी तसं निघून गेलं. लख्ख ऊन. गोठ्याच्या माळ्यावर आमचं टेहळणीचं ठाणं होतं. जखमी आले हे सांगायला सुभेदार जाचक वर चढले, त्यांच्यामागं मी. हॉलिस साहेब दुर्बिणीला डोळे लावून बसला होता. त्यानं न बोलता दुर्बीण जाचकांच्या हातात दिली. त्यांच्यानंतर मी घेतली.

डोंगराच्या सोंडेवर एक लहानसं देऊळ. त्याच्यापुढं अंगण. अंगणाच्या मधोमध तोफ, हिरव्या डहाळ्यांनी मढवलेली, आणि भोवती माणसं गुडघ्यांवर बसलेली. उघडी डोकी. एकानं तोफेच्या चाकावर हात ठेवला होता. चेहरा दिसण्याइतकं जवळ नव्हतं, पण मला कळलं.

साहेबानं टेलिफोनची मूठ फिरवायला घेतली.

“सायेब,” जाचक म्हणाले, “बारा वाजायचं हायेत.”

साहेब आमच्या पलटणीत बरीच वर्षं होता, मराठी बोलायचा, पुस्तकातली. “सुभेदारसाहेब,” म्हणाला, “सकाळी ती तोफ मला दिसत नव्हती. आता दिसते.”

“बेलभंडारा उचललाय, सायेब. जबान दिलीय.”

“उद्या पहाटे आपली सगळी कंपनी त्या पुलावरून जाणार आहे. तुमचीच माणसे. बारा वाजता ते तोफ पुन्हा खड्ड्यात नेतील. मग मी काय करू? तुम्ही सांगा.”

जाचक काय सांगणार होते? साहेबाचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. बरोबर होतं, हेही माझ्या तोंडातनं निघत नाही. तो फोनवर आकडे सांगायला लागला, सावकाश, एकेक.

आम्ही माळ्यावरनं खाली उतरतो न उतरतो, तोच आमच्या मागच्या तोफा सुटल्या. सगळ्या एकदम. गोळे आमच्या डोक्यांवरनं फडफडत गेले आणि समोरच्या डोंगरावर धुराळा उठला. परत सुटल्या. परत.

आत्तोबाच्या हातात चंदीची पिशवी तशीच होती. त्यानं डोंगराकडं बघितलं नाही, सुभेदारांकडं बघितलं. सुभेदार जाचक, ज्यांच्यापुढं आख्खी कंपनी चळाचळा कापायची, ते मान खाली घालून उभे राहिले. म्हातारा ओरडेल, अंगावर येईल, शिव्या घालेल, असं मला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “बारा वाजले?”

जाचकांनी घड्याळ बघितलं. “आजून न्हाईत.”

“मग थांबू.” तो भिंतीपाशी खाली बसला. “ती जुनी आहे. अशा पुष्कळ गोळ्यांतून गेली आहे. पोरं खड्ड्यात उतरली असतील. बारा वाजले की नेल्लो रोट काढेल आणि मग उत्तर देईल. दोन, मग एक. तुम्ही ऐकाच.”

आमच्या तोफा थांबल्या. नदीचा आवाज परत ऐकू यायला लागला. जाचक घड्याळ हातात धरून उभे, मी आत्तोबाशेजारी बसलेलो. आणि काय सांगू तुम्हाला, ज्या तोफेनं माझी माणसं मारली, माझ्या भावाचा पाय फोडला, तिच्यासाठी मी मनातल्या मनात खंडोबाला हात जोडले. वाजू दे, देवा. एकदा वाजू दे. आमच्यावर पडला गोळा तरी चालेल, पण वाजू दे.

“वाजले,” जाचक हळूच म्हणाले.

आत्तोबानं बोट वर केलं, मोजायला. पहिलं बोट.

देवळाची घंटा झाली नाही. डोंगरावरनं काहीच आलं नाही. म्हाताऱ्याचं बोट तसंच वर. मला ते बघवेना. शेवटी मीच त्याचा हात धरून खाली घेतला. बोट काही केल्या मिटत नव्हतं.

दुसऱ्या पहाटे आमची सगळी कंपनी त्या पुलावरनं पलीकडं गेली. एकही माणूस पडला नाही.

कोंडिबा वाचला. पाय गुडघ्यातनं गेला. चुलतीला जसा नेला तसा काही देता आला नाही, पण दिला. लग्न केलं, तीन लेकरं झाली, आणि कुबडीवर उभा राहून अजून अशी हाळी देतो की पोरं कानात बोटं घालतात. त्याला पुलावरनं कुणी आणला ते त्याला ठाऊक आहे, पुढचंही ठाऊक आहे. खंडेनवमीला विळे-कोयते मांडले की तो एक भाकरी त्यांच्यात ठेवतो आणि बारापर्यंत कुणाला उचलू देत नाही. गाव म्हणतं, लंगड्याची काहीतरी लहर. म्हणू दे.

पण मी त्या देवळापर्यंत गेलो ते राहिलंच. जर्मन मागं हटले आणि दोनतीन दिवसांनी रसद घेऊन आम्ही त्या सोंडेवर चढलो. मी, आत्तोबा, खेचरं. सुभेदार जाचक वाटेत सामील झाले, बोलावणं नसताना.

देवळाचं छप्पर गेलं होतं. भिंतीकडेला ताजी माती आणि ओळीनं लाकडी क्रूस, जाताना जर्मनांनी घाईनं रोवलेले. आत्तोबानं एकेक नाव वाचलं. एका क्रूसापुढं तो जरा जास्त वेळ थांबला. मग तिथनं सरळ तोफेकडं आला.

लंगडी एका कुशीवर पडली होती. एक चाक फुटलेलं, डहाळ्यांची पानं सुकून काळी झालेली. जाचकांनी गळ्यातली पिशवी काढली आणि सगळा भंडारा त्या पुरलेल्या पोरांच्या मातीवर रिकामा केला. पिशवीही तिथंच ठेवली. मोडलेल्या शपथेचा भंडारा जवळ बाळगत नाहीत.

आत्तोबा तोफेच्या मागं गुडघ्यांवर बसला. झाकणाची दांडी वाकली होती. त्यानं खांदा लावून ती ओढली. दुसऱ्यांदा ओढल्यावर झाकण सरकलं. त्यानं आत हात घातला आणि रोट बाहेर काढला.

अख्खा होता. वरनं जरासा काळवंडलेला, दगडासारखा कडक. त्यानं तो फुटलेल्या चाकाच्या लोखंडी पट्टीवर आपटून मोडला. पहिला तुकडा त्या क्रूसापाशी ठेवून आला. मग प्रमुख जसा आपल्या गोलंदाजांना देतो तसा एक तुकडा सुभेदारांपुढं धरला, एक माझ्यापुढं.

जाचकांनी डोक्यावरची पगडी काढून काखेत धरली. दोन्ही हात पुढं केले, पण घास तोंडाकडं जाईना.

“खा,” आत्तोबा म्हणाला. “बारा वाजून गेले.”